जळगावला एफटीआयआर, सुरतेला रामन

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला व्हिटॅमिन सी घ्यायचं ठरलं ते निव्वळ परवडतं म्हणून. मॅडमनी सुचवलेल्या विषयांपैकी एकाला पॅलॅडियम लागत होतं. दुसऱ्याला असे द्रावक हवे होते की नंदुरबारला मागवले तर आमचं सेमिस्टर उरकल्यावर पोचतील. ॲस्कॉर्बिक आम्लाची बाटली मात्र कॉलेजच्या कपाटातच होती. पांढरी बारीक पूड, विषारी नाही, वास नाही, हाताला लागली तर पाण्याने धुवायची. सोडियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम कार्बोनेट खालच्या वर्गांच्या प्रॅक्टिकलचं उरलेलं होतं. नव्हती ती फक्त यंत्रं. पदार्थ कुठले अवरक्त किरण शोषतो ते मोजणारं एफटीआयआर जळगावला, आणि लेसरचा प्रकाश पदार्थावरून कसा विखुरतो ते बघणारं रामन सुरतेला. नंदुरबारच्या माणसाला याचं काही वाटत नाही. आम्ही त्या रेल्वेमार्गाच्या साधारण मध्यावर राहतो. लग्नाच्या कापडाला आणि मोठ्या दवाखान्याला सुरत, विद्यापीठाच्या कामाला जळगाव, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं.

अर्जावर विषय भारदस्त दिसत होता: 'एल-ॲस्कॉर्बिक आम्ल व त्याच्या सोडियम आणि कॅल्शियम क्षारांचा कंपन-वर्णपटीय अभ्यास'. आमचे आबा मिरची वाळवायच्या पथारीवर हिशोब बघतात. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मंग मिरचीमा कितलं व्हिटॅमिन शे, ते सांगशी का?" ते यातून नाही कळणार, म्हटल्यावर त्यांनी कागद परत दिला. पुढे वर्षभर हाच प्रश्न मला शेजाऱ्यांनी, गाडीतल्या सहप्रवाशांनी, एका मेडिकलवाल्यानेही विचारला. सगळ्यांना 'किती' हवं असतं. आमचं काम होतं ते 'कोणत्या रूपात' हे बघायचं. आम्लाच्या रूपात आहे, सोडियमच्या क्षाराच्या की कॅल्शियमच्या? आणि आम्लाचा क्षार होताना रेणूच्या नेमक्या कुठल्या बंधाला काय होतं?

रेणूतले अणू एका जागी बसून राहत नाहीत. बंध ताणले जातात, आखडतात, वाकतात, आणि प्रत्येक हालचालीची स्वतःची ठरलेली कंपनसंख्या असते. मी सेमिनारला आखाजीच्या झोक्याचं उदाहरण देणार होते. मॅडमनी ते आधीच खोडलं, कारण झोक्यावर लहान पोर बसो की जाडी मावशी, हेलकाव्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. बंधाचं तसं नाही. बंध जितका ताठ तितकी कंपनसंख्या वर, टोकाचे अणू जितके जड तितकी खाली. म्हणून हायड्रोजन ज्यात आहे असे बंध वर ३००० च्या आसपास आणि पुढे सापडतात, आणि दोन जड अणूंमधला एकेरी बंध खाली हजाराच्या आसपास. हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी बसतात त्याचे. बंध आपल्या कंपनसंख्येशी जुळणारा अवरक्त किरण शोषतो आणि आलेखात तिथे रेघ पडते; तो आलेख म्हणजे वर्णपट. आमचं यंत्र ४००० पासून ४०० पर्यंत बघायचं. ॲस्कॉर्बिक आम्लात सहा कार्बन, आठ हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, एकूण २० अणू. २० ला तीनने गुणून सहा वजा केले की ५४. इतकी त्याची मूळ कंपनं. सगळ्यांची नावं लावण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. पाच-सहा रेघा नीट समजल्या तरी या विषयाचं काम भागतं, असं माझं अजूनही मत आहे.

क्षार बनवणं हा या सगळ्यातला सगळ्यात आनंदाचा भाग. १.७६ ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि त्यात ०.८४ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट चिमूट चिमूट टाकायचं. दोन्ही प्रत्येकी एक शतांश मोल, म्हणजे रेणूला रेणू. फेस येतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, द्रावण शांत झालं की सोडियम ॲस्कॉर्बेट तयार. पण ते पाण्यातच असतं, आणि पाणी उकळून उडवायला गेलं तर माल पिवळा पडतो. म्हणून वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं. त्यात हा क्षार फारसा विरघळत नाही, त्यामुळे पांढरा साका खाली बसतो. गाळायचा, अल्कोहोलने धुवायचा, निर्वात डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, सुकवायचा. पाणी डिस्टिल्ड, तेही उकळून गार केलेलं, कारण पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आणि लोखंड-तांब्याचे अंश, दोघंही व्हिटॅमिन सीचे वैरी. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने हे काम करायचा विचारही करू नये.

कॅल्शियमचं प्रमाण वेगळं. कॅल्शियमवर दोन धनभार, म्हणून दोन रेणू आम्लाला एक कार्बोनेट: ३.५२ ग्रॅमला १ ग्रॅम. कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ही क्रिया रेंगाळते. ढवळत बसायचं. शेवटी गाळलं तरी मनात शंका राहते की थोडं कार्बोनेट मालात राहिलं असेल. मग सुकलेल्या पुडीच्या कणावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर माल पुन्हा विरघळवून गाळायचा. ही तपासणी घरी फुकट होते. यंत्रावर तासाचे पैसे भरून मग वर्णपटात १४२० ते १४५० च्या आसपास कार्बोनेटचा रुंद ढिगारा बघण्यात काही शहाणपण नाही.

आता केबीआर. पोटॅशियम ब्रोमाइड. अवरक्त किरणांना ते आपल्या हव्या त्या पट्ट्यात पारदर्शक असतं, म्हणून नमुना त्यात मिसळून त्याची चकती करायची: एक-दोन मिलिग्रॅम नमुना, दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास केबीआर, अगेटच्या खलात घोटायचं, साच्यात भरून आठ-दहा टनांचा दाब द्यायचा. नीट जमली तर काचेसारखी पातळ चकती निघते. मी जळगावला पहिल्यांदा गेले ते श्रावणात. धरणगावापासूनच पाऊस लागला होता. केबीआर हवेतलं पाणी असं ओढतं की खलात घोटतानाच ते खलबत्त्याला चिकटायला लागलं. चकती दुधाळ. वर्णपटात ३४०० ला मोठा फुगवटा आणि १६४० ला दुसरा, दोन्ही पाण्याचे. पहिल्याने ओएचच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीच्या, रेघा झाकल्या, आणि दुसरा नेमका कार्बन-कार्बन दुहेरी बंधाच्या शेजारी. म्हणजे ज्या दोन ठिकाणी आमचं सगळं काम, तिथेच पाणी येऊन बसलं.

तिथल्या लॅब असिस्टंट भाऊंनी त्या दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या. केबीआर रात्रभर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये न्यायचं आणि घोटणं गरम दिव्याखाली करायचं, ही एक. दुसरी, "ताई, दिवाळीनंतर या." मी दोन्ही ऐकल्या. हिवाळ्यात चकत्या नीट निघाल्या, आणि पुढे एप्रिलच्या उन्हात तर विचारायलाच नको. जळगाव-भुसावळच्या उन्हाला आपण सगळेच शिव्या देतो. पारा ४५ च्या वर गेला की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण ती हवा इतकी कोरडी असते की केबीआरची चकती टेबलावर ठेवून निवांत चहा पिऊन यावं. या एका कामासाठी कोकणातल्या मुलांनी आमचा हेवा करावा.

नमुना लावायच्या आधी भाऊ नेहमी पॉलिस्टायरीनची पातळ फिल्म लावून बघायचे. तिच्या रेघा जगभर ठाऊक आहेत, त्यातली एक १६०१ वर. ती जागेवर आली की यंत्राचे आकडे बरोबर. मला आधी हा उगाच सोपस्कार वाटला होता. पण आमच्या क्षाराची सगळ्यात महत्त्वाची रेघ त्याच्याच आसपास येणार होती, त्यामुळे नंतर मीच फिल्मची आठवण करून द्यायला लागले.

शुद्ध आम्लाचा चांगला वर्णपट पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी वरच्या टोकाकडेच बघत राहिले. अल्कोहोलसारख्या पदार्थांत ओएचचा पट्टा म्हणजे एक रुंद, बेढब दरी असते. इथे मात्र चार वेगवेगळ्या, बऱ्यापैकी अणकुचीदार रेघा: ३५२५, ३४१०, ३३१५ आणि ३२२० च्या आसपास. रेणूत ओएचचे गट चारच आहेत, त्यामुळे एकाला एक अशी जोडी लावून मोकळं व्हावंसं वाटतं. ते तितकं सरळ नाही. स्फटिकात दोन प्रकारे बसलेले रेणू असतात आणि प्रत्येक ओएच शेजारच्या कुठल्या ना कुठल्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने बांधलेला असतो. हा हायड्रोजन बंध जितका घट्ट, तितका ओएचचा स्वतःचा बंध सैल, आणि तितकी रेघ खाली घसरते. म्हणून ३५२५ वाला त्यातल्या त्यात मोकळा, ३२२० वाला जखडलेला, इतकं बोलावं आणि थांबावं.

खाली १७५४ ला कार्बोनिलची, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची रेघ. सर्वसाधारण कार्बोक्झिलिक आम्लात ती १७०० ते १७२५ च्या दरम्यान सापडते. इथे ती वर आहे, कारण हा कार्बोनिल पाच अणूंच्या कड्यात अडकलेला आहे, अशा कड्यातल्या एस्टरला लॅक्टोन म्हणतात. व्हिटॅमिन सीला आम्ल म्हणतात खरं, पण त्यात कार्बोक्झिलचा गट नाहीच. त्याचा आंबटपणा येतो तो दुहेरी बंधाला लागून असलेल्या ओएचमधून, तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरच्या. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये हा पदार्थ वेगळा काढला तेव्हा त्याला हेक्झ्युरॉनिक आम्ल म्हटलं होतं, म्हणजे कार्बोक्झिल असलेलं शर्करेचं आम्ल. खरी रचना १९३३ च्या सुमारास हॉवर्थ यांच्या गटाच्या कामातून पक्की झाली. १९३७ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला वैद्यकाचं, एकाला रसायनाचं. आज एखाद्या विद्यार्थ्याला एफटीआयआरवर १७५४ दिसलं की तो अर्ध्या मिनिटात म्हणेल, हे साधं कार्बोक्झिल नाही. त्या काळी हे ठरवायला किती खटपट करावी लागली असेल, हा विचार मला जळगावच्या एसी खोलीत बसून सारखा यायचा.

त्याच्या शेजारी १६७० च्या आसपास कार्बन-कार्बन दुहेरी बंधाची रेघ, भक्कम. आणि मग १५०० च्या खाली दाट जंगल: १३२१, ११४० च्या आसपास, १०२७, ८७०, ८२०, ७५७. यातली कुठलीही एक रेघ एकाच बंधाची म्हणून दाखवता येत नाही, सगळं एकमेकांत गुंतलेलं. पण नमुना तोच आहे की नाही हे ओळखायला हाच भाग कामाचा.

सोडियमचा क्षार लावला तेव्हा १७५४ ची रेघ गायब आणि १७०० च्या आसपास नवी. १६७० ची जागा रिकामी आणि १६०० च्या जवळ रुंद, जोरदार पट्टा. वरचे चार अणकुचीदार ओएचही मोडून त्यांची वेगळीच मांडणी झालेली. मला हा निकाल पुस्तकातून माहीत होता, तरी स्वतः बनवलेल्या पुडीत तो बघणं वेगळं. कारण असं: तिसऱ्या कार्बनवरच्या ओएचचा प्रोटॉन, म्हणजे धनभारित हायड्रोजन, निघून गेला की मागे राहिलेला ऋणभार त्या ऑक्सिजनवर एकटा बसत नाही. तो दुहेरी बंधातून पलीकडच्या कार्बोनिलपर्यंत पसरतो. त्यामुळे जे बंध पक्के दुहेरी होते ते थोडे एकेरीकडे झुकतात. बंध सैल पडला की कंपनसंख्या खाली. दोन्ही रेघा एकदम घसरल्या, हाच प्रोटॉन कुठून गेला त्याचा पुरावा. तो दुसऱ्या टोकाच्या, साखळीवरच्या ओएचमधून गेला असता तर कड्याला इतकी झळ बसली नसती.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात बरेच जण पडतात. १६०० च्या आसपासचा भक्कम पट्टा म्हटलं की वर्णपट वाचणारा कुणीही सवयीने 'कार्बोक्झिलेट', म्हणजे प्रोटॉन गेलेला कार्बोक्झिल, लिहून टाकतो. ॲसिटेट, सायट्रेट, बेंझोएट, सगळे तिथेच बोलतात. पण ज्यात कार्बोक्झिल नाही त्यात कार्बोक्झिलेट कुठून येणार? तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं याच पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?" मी सांगितलं की हा बहुतांशी दुहेरी बंधच आहे, ऋणभार पसरल्यामुळे खाली आलेला. त्यांनी मग १७०० कडे बोट नेलं आणि म्हणाले, कार्बोक्झिलेट असता तर हा शेजारी इथे असता का? लॅक्टोनचा कार्बोनिल खाली सरकूनही स्वतंत्र उभा आहे, याचा अर्थ कडं शाबूत आहे. हे मी स्वतः इतक्या नेमक्या शब्दांत कधी मांडलं नव्हतं.

कॅल्शियमच्या क्षाराने मात्र दमवलं. तो दोन रेणू पाणी घेऊनच स्फटिक होतो, त्यामुळे ३००० च्या वर सगळं पसरट. दुहेरी बंधाची रेघ इथेही १६०० कडेच उतरलेली, म्हणजे प्रोटॉन तिथूनच गेलेला. पण हे पाणी स्फटिकातलं की चकतीतलं, हा प्रश्न केबीआरमध्ये सुटत नाही. शिवाय मॅडमनी आणखी एक शंका काढली: सोडियमचा क्षार पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर घोटून त्यावर टनांचा दाब दिला, तर सोडियम आणि पोटॅशियम आपापसांत जागा बदलत नसतील कशावरून? मग आपण मोजतोय ते सोडियम ॲस्कॉर्बेट की पोटॅशियम?

उत्तर एटीआरने दिलं. यात चकती नाही, केबीआर नाही. छोट्या हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूटभर पूड ठेवायची, वरून दाबायची, किरण आतल्या बाजूने परावर्तित होताना पुडीला जेमतेम एक-दोन मायक्रॉन चाटून जातो. रेघांची तुलनेने उंची बदलते, वरच्या टोकाला रेघा बुटक्या दिसतात, कारण तिथे किरण कमी खोल शिरतो. पण सोडियमच्या क्षाराच्या दोन मुख्य रेघा जिथल्या तिथे होत्या. कॅल्शियमच्या पुडीतही पाण्याचा पट्टा होताच, म्हणजे तो स्फटिकाचाच. हे सगळं पहिल्याच दिवशी एटीआरवर का केलं नाही, असं कुणी विचारेल. त्या जोडणीचा दर वेगळा होता, आणि आमच्या कॉलेजने मंजूर केलेल्या रकमेत चकत्याच बसत होत्या.

सुरतेला गेलो ते फेब्रुवारीच्या शेवटी. नवापूर मागे पडलं की गाडीतली बोली बदलते, फरसाण बदलतं. रामनच्या यंत्राला चकती नको, काही नको. काचेच्या पट्टीवर पुडीचा ढीग ठेवायचा, त्यावर लेसर सोडायचा आणि जो प्रकाश विखुरतो त्यातला रंग बदललेला अगदी नगण्य अंश वेचायचा. चंद्रशेखर वेंकट रामन यांना हा परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात दिसला, म्हणून तो दिवस आपल्याकडे विज्ञान दिन. म्हणजे रामन परिणाम आणि सेंट-ग्यॉर्गींचं हेक्झ्युरॉनिक आम्ल, दोन्ही एकाच वर्षाची. मॅडमना हा योगायोग फार आवडला होता. त्यांनी तो प्रबंधाच्या पहिल्या पानावर घालायला लावला.

रामनमध्ये चित्र उलटं दिसतं. एफटीआयआरमध्ये जी १७५४ ची रेघ दणदणीत होती ती इथे किरकोळ, आणि दुहेरी बंधाची १६६० च्या आसपासची रेघ आकाशाला भिडलेली. अवरक्त किरण त्या कंपनाला दाद देतात ज्यात विद्युत ध्रुवता हेलकावते, कार्बोनिल त्यात पुढे. रामनला हवं असतं इलेक्ट्रॉनच्या ढगाचं फुगणं-आकसणं, आणि कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचा ढग त्याला भरपूर. दोन्ही यंत्रं का लागतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी पुस्तकात सापडलं नाही.

दुसरा फायदा पाण्याचा. एफटीआयआरमध्ये पाणी १६४० ला सगळं गिळतं, रामनमध्ये ते बरंचसं गप्प असतं. म्हणून आम्ही आम्लाचं द्रावण छोट्या कुपीत घेतलं आणि त्यात बायकार्बोनेटचं द्रावण थोडं थोडं घालत वर्णपट घेत गेलो. १६९० च्या आसपासची रेघ बसत जाते आणि १५९० च्या आसपास दुसरी उठत जाते. पीएच ४.२ च्या जवळ दोघी जवळपास बरोबरीला. ॲस्कॉर्बिक आम्लाचा पहिला पीके तेवढाच आहे, त्या पीएचला निम्मे रेणू आम्ल आणि निम्मे ॲस्कॉर्बेट. अनुमापनाचा (टायट्रेशनचा) आलेख मी बीएस्सीला कितीदा काढला असेल, पण आम्ल आणि त्याचा आयन एकाच कुपीत शेजारी शेजारी दिसले ते इथे. कॉलेजात ठेवून पिवळसर झालेला जुना माल मात्र हिरव्या लेसरखाली इतका चकाकला की रेघा त्या उजेडात बुडाल्या. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरवर तोच नमुना बराचसा वाचता आला.

आबांची मिरची मी सोबत नेली होती. खरं तर हा हट्ट अगदीच निराधार नव्हता. सेंट-ग्यॉर्गींना व्हिटॅमिन सी भरपूर मिळालं ते हंगेरीतल्या सेगेदमध्ये, तिथल्या लाल पॅप्रिकामधून, आणि तीही मिरचीचीच जात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर डिसेंबर-जानेवारीत पसरलेला लाल माल बघताना मला हे आठवायचंच. पण ताज्या मिरचीत व्हिटॅमिन सी १०० ग्रॅमला शे-दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे हजारात एक-दोन भाग. उन्हात वाळताना त्यातलं बरंच उडतं. एफटीआयआरवर वाळल्या मिरचीचा वर्णपट म्हणजे सेल्युलोज, पेक्टिन, साखरा आणि तेल. त्या गर्दीत १७५४ शोधणं व्यर्थ. रामनवर तर मजाच झाली. १५२० च्या जवळ, ११५५ च्या आसपास आणि १००५ ला तीन टोकदार रेघा उभ्या राहिल्या. त्या मिरचीच्या लाल रंगाच्या, म्हणजे कॅरोटिनॉइडच्या. हिरव्या लेसरला हे रंग इतका प्रतिसाद देतात की बाकी कुणाचा आवाजच निघत नाही. मिरचीत किती, हे बघायचं तर निळ्या इंडोफेनॉल रंगाचं अनुमापन करावं, बुरेट लागतं आणि हिरवी मिरची. आबांना ते मी कॉलेजात करून दाखवलं. आकडा ऐकून ते म्हणाले, "एवढंच व्हतं तं सुरत कसाले गई?"

त्यापेक्षा चघळायच्या गोळीने आमचं काम अधिक चांगलं दाखवलं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात बघा. बऱ्याचदा १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ४५० मिलिग्रॅम सोडियम ॲस्कॉर्बेट लिहिलेलं असतं, पुढे 'म्हणजे ४०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल'. बेरीज ५५० होते आणि लोक गोंधळतात. आम्लाचा रेणुभार १७६.१२, सोडियमच्या क्षाराचा १९८.११, ४५० ला त्या गुणोत्तराने गुणलं की ४०० येतात. नुसतं आम्ल चघळलं तर दात आंबतात, म्हणून मोठा वाटा क्षाराचा. गोळी खलात फोडून एटीआरवर ठेवली. हजार ते बाराशेच्या पट्ट्यात साखरेने धुमाकूळ घातलेला, पण साखरेत कार्बोनिल नाही, त्यामुळे १५५० ते १८०० चा भाग बराच मोकळा. तिथे १७५४ चा छोटा खांदा, १७०० ची रेघ आणि १६०० चा पट्टा, आम्ल आणि क्षार एकाच चित्रात. ज्या मेडिकलवाल्याने 'किती' विचारलं होतं त्यालाच ते छापून दाखवलं. त्याने ते काउंटरच्या काचेखाली सरकवलं. आता गिऱ्हाइकांना काय सांगतो देव जाणे.

संगणकावरची गणितंही केली. मोकळ्या एकट्या रेणूची कंपनं काढायची आणि आकडे ०.९६ च्या आसपास गुणकाने खाली आणायचे, असा रिवाज आहे. कड्याच्या रेघा बऱ्या जुळल्या. ओएचच्या नाही जुळल्या, जुळणारही नव्हत्या, कारण संगणकातल्या त्या रेणूला शेजारीच नव्हता. प्रबंधात या भागाला गरजेपेक्षा जास्त पानं गेली आहेत.

यंदा पुढच्या बॅचमधल्या एका मुलीने पोटॅशियमचा क्षार घेतला आहे. बायकार्बोनेट सोडियमऐवजी पोटॅशियमचं, बाकी कृती तीच. केबीआरमध्ये आयनांची अदलाबदल झाली तरी पोटॅशियमच्या जागी पोटॅशियमच येणार, त्यामुळे मॅडमच्या त्या शंकेला तिथे जागा उरत नाही. तिच्या चकतीचा आणि माझ्या सोडियमच्या चकतीचा वर्णपट एकावर एक ठेवून बघायचं ठरलं आहे. तिला मी सांगितलंय की केबीआर स्वतःच्या डेसिकेटरमध्ये घेऊन जा, सिलिका जेल निळं आहे ना ते निघताना बघ, आणि जळगावची तारीख दिवाळीनंतरचीच घे.